पाहुणं भांडं

हाँगकाँग
२० ऑगस्ट २०१९

प्रिय इंदू,

हे पत्र विराजच्या हातून येईल, आणि पत्राबरोबर माझ्या जुन्या स्वेटरात गुंडाळलेली एक वस्तू. तुझा मुलगा शेन्झेनचं काम आटोपून जाताना एक दिवस माझ्याकडे राहिला. मागच्या आठवड्यात निदर्शक विमानतळात जाऊन बसले होते, विमानं बंद पडली होती. आज सुरू आहेत. उद्याचं कुणी सांगत नाही, म्हणून मी घाई केली.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण तू पुण्याच्या कॉन्व्हेंटातून पत्रं पाठवायचीस आणि मी इंदापूरहून उत्तरं लिहायचो, तेव्हापासून तुझ्याशी मनातलं बोलायचं तर मला कागदच लागतो.

वस्तू म्हणजे एक चिनी धूपपात्र आहे. ब्राँझचं, तीन पायांचं, दोन कानांचं. मिंग राजांच्या काळातलं, म्हणजे साधारण सहाशे वर्षांपूर्वीचं. त्याच्यावर जी काळपट हिरवी झाक आहे ना, तीच त्याची श्रीमंती. दहा वर्षांपूर्वी मी ते लामकडून घेतलं. लामचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे. माझा इथला मित्र म्हणशील तर तोच.

माझ्या घराखालच्या रस्त्यावर दर शनिवार-रविवारी मोर्चा असतो, मग पोलीस, मग अश्रुधूर. खिडक्यांच्या फटींना ओले टॉवेल लावून बसतो. परवा समोरच्या दुकानाच्या काचा फुटल्या. माझ्या बाकीच्या वाट्या-बश्यांचं व्हायचं ते होवो, पण हे एक भांडं सुरक्षित असावं असं वाटलं. आणि सुरक्षित म्हटलं की मला तुझं घर आठवलं.

कपाटात ठेव. डांबरगोळ्यांपासून लांब. देवघरात ठेवू नकोस. कुणी विचारलं तर दादाचं आहे एवढंच सांग.

तुझा
चिंतामण

*

बारामती
५ सप्टेंबर २०१९

प्रिय दादा,

तुझं भांडं सुखरूप पोचलं. स्वेटरही पोचला. त्याच्या कोपराला भोक आहे ते मी विणून टाकलंय, पुढच्या वेळी येशील तेव्हा घेऊन जा.

आज गौरी आल्या. आमचे डॉक्टर गेल्यापासून घरात सणाला माझ्याशिवाय कुणी नसायचं, पण या वर्षी वन्सं आहेत. डॉक्टरांच्या थोरल्या बहीण, साखरबाई, तुला लग्नातल्या आठवत असतील. तुझ्या पानात त्यांनी आग्रहानं सहावी पुरणपोळी वाढली होती. वरकुट्याहून डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आल्या आहेत. एका डोळ्याचं झालं, दुसऱ्याचं दिवाळीनंतर. तोवर हितंच ऱ्हाते म्हणाल्या, आणि मला बरं वाटलं.

त्यांनी तुझं धूपपात्र हातात घेऊन चाचपलं, उलटं केलं, वाजवलं. मग म्हणाल्या, "कान हायती, पाय हायती, आन झाकण न्हाय? येवढ्या लांबनं आणलं आन झाकण इसरला व्हय तुझा भाऊ?" मी म्हटलं, वन्सं, ह्यात धूप जाळतात. त्या म्हणाल्या, "मग आपल्या धुपाटण्याला काय झालंय?"

खरं सांगू, मलाही ते भांडं फार सुंदर दिसत नाही. पण तू सुंदर म्हणतोस म्हणून मी रोज कपाट उघडून एकदा बघते. मामांकडे असताना इंदापूरच्या बाजारातून तू बिनकिल्लीची कुलपं आणायचास आणि मामी ती परसात फेकून द्यायची, ते आठवतं. मी सुट्टीला आले की तू मला ती दाखवायचास, आणि मला एकही कुलूप दुसऱ्याहून वेगळं दिसायचं नाही. तरी मी मान डोलवायचे. तेव्हा तू बारा वर्षांचा असशील.

एक विचारते, रागावू नकोस. सहाशे वर्षांपूर्वीचं आहे हे कशावरून कळतं? आणि दुसरं, रागावलास तरी चालेल. तिकडे एवढं पेटलंय तर तू इकडे का येत नाहीस? वरची खोली रिकामी आहे.

तुझी
इंदू

*

हाँगकाँग
१८ सप्टेंबर २०१९

प्रिय इंदू,

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला नेहमीच आवडतं.

इथल्या बाजारात दहा जुन्या वस्तू ठेवल्या तर त्यातल्या नऊ मागच्या महिन्यात तयार झालेल्या असतात. भांडं नवं ओततात, मग त्याला जुनं करतात. आम्ल लावून मातीत पुरतात, नाहीतर लाखेत रंग कालवून थर देतात. लामनं मला शिकवलं की शिक्का बघू नकोस, शिक्का कुणीही मारतो. झिजलेली जागा बघ. हाताने उचलायच्या जागी झिजलंय की उगाच कुठेतरी? आणि हिरवा रंग बघ. खरा गंज धातूच्या आतून उगवलेला असतो. घासला तर थोडा उजळतो, पण सोलून निघत नाही. सोलून निघाला तर तो गंज नव्हे.

हे सगळं शिकायला मला वीस वर्षं लागली. जहाज कंपनीत मी आयुष्यभर हिशेब तपासले, त्यात कुणी माझं नाव घेतलं नाही. पण हे धूपपात्र मी आमच्या संग्राहकांच्या मंडळात दाखवलं तेव्हा सगळी चिनी म्हातारी माणसं उठून जवळ आली. एका भारतीय माणसाची नजर अशी, असं म्हणाली. लाम त्या दिवशी मागे भिंतीला टेकून उभा होता. एक शब्द बोलला नाही. तो तसाच आहे. आनंद झाला की गप्प होतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. माझी कॅन्टोनीज अजून मोडकी आहे. शेजारी बदलत गेले, ऑफिस सुटलं, तुझी वहिनी सुमन जाऊन आता नऊ वर्षं झाली. पण दर गुरुवारी मी लामच्या दुकानात जातो, तो चहा करतो, आम्ही एखादी वाटी घेऊन दोन तास भांडतो. सुमन गेली त्या आठवड्यातही गेलो होतो. त्यानं विचारलं नाही, नुसता चहा ठेवला. इंदू, असा एक माणूस असला की शहर सोडवत नाही. बारामतीत मी कोणाशी भांडू?

तुझा
चिंतामण

*

बारामती
१० ऑक्टोबर २०१९

चि. विराज,

अनेक आशीर्वाद. आईनं पत्र का लिहिलं म्हणून घाबरू नकोस. फोनवर बोलले तर आत्या ऐकतील, आणि हे त्यांना कळायला नको आहे.

खंडेनवमीला आपल्याकडे घरातली झाडून सगळी तांब्यापितळेची भांडी निघतात ते तुला माहीत आहे. मी बाजारात झेंडू आणायला गेले होते. परत आले तर अंगणात समया, तांबे, परात, घंगाळं, सगळं लखलखत मांडलेलं, आणि त्यांच्या ओळीत चिंतूमामाचं धूपपात्र. आत्यांनी चिंच आणि राखेनं घासून, कढत पाण्यानं धुऊन ठेवलं होतं.

मी झेंडूची पिशवी खाली ठेवली. म्हटलं, वन्सं, हे का घेतलंत? त्या म्हणाल्या, "पावणं भांडं हाय म्हून त्येला दसऱ्याची आंघोळ न्हाय व्हय? कसलं काळंठिक्कर पडलं हुतं बिचारं. तुझा भाऊ एकटा मानूस, त्येला कोण घासून देणार?"

त्यांना मी काय बोलणार? एका डोळ्यानं दिसत असताना, उकिडवं बसून, माझ्या भावावरच्या मायेनं त्यांनी ते केलं. मी छान झालं म्हटलं.

पहिल्यांदा मला वाटलं, सहाशे वर्षं आपण एका सकाळीत धुऊन टाकली. मग मी घंगाळातलं पाणी पाहिलं. तुझ्या शाळेच्या रंगपेटीतला ब्रश बुडवल्यावर व्हायचं तसं हिरवंगार. तळाशी पापुद्रे होते, रंगाचे. भांडं उन्हात धरलं तर बुडाला गोल गोल बारीक रेघा, आपल्या स्टीलच्या पातेल्याला असतात तशा, यंत्रावर फिरवल्याच्या. मामानं मला लिहिलं होतं, सोलून निघाला तर तो गंज नव्हे.

विराज, ते खोटं आहे. मला भांड्याचं काही नाही. पण ते लामनं दिलंय, आणि तुझ्या मामाला त्या शहरात तेवढा एकच माणूस आहे. आज तिथे गाड्या बंद, रस्त्यावर जाळपोळ, आणि मी त्याला कळवू की तुझा मित्र तुला फसवत होता? तर तो दर गुरुवारी कुठे जाईल?

मी त्याला सांगणार नाही असं ठरवलं आहे. तूही बोलू नकोस. शाळेत रविवारी घरी लिहिलेली पत्रं सिस्टर वाचूनच पाकिटात घालायच्या, त्यामुळे खोटं न लिहिता लपवून कसं लिहायचं ते मला चांगलं येतं.

तुझी
आई

*

बारामती
१० ऑक्टोबर २०१९

प्रिय दादा,

दसरा छान झाला. वन्संनी सोनं लुटलं, शेजारच्या सईनं तुला नमस्कार सांगितलाय. वीर धरणाचं पाणी कालव्याला भरपूर आहे, पणदऱ्याकडे ऊस माणसाच्या डोक्यावर गेलाय.

तुझं धूपपात्र कपाटात आहे. अगदी स्वच्छ आहे. काळजी करू नकोस.

लामना माझा नमस्कार सांग. अश्रुधुरात गुरुवारी जाऊ नकोस, नाहीतर जा, पण तोंडाला रुमाल बांधून जा.

तुझी
इंदू

*

हाँगकाँग
२८ ऑक्टोबर २०१९

प्रिय इंदू,

उद्या भाऊबीज. तू पाटाशेजारी माझ्या नावाची सुपारी मांडून ओवाळशील ते मला ठाऊक आहे. या वर्षी जरा जास्त वेळ ओवाळ.

लाम जातोय. त्याच्या बायकोला दमा आहे, धुरानं तिला दोनदा दवाखान्यात न्यावं लागलं. मुलगी व्हँकुव्हरला असते, तिनं तिकिटंच पाठवली. एकोणीस नोव्हेंबरला निघणार. हे मी समजू शकतो. पण त्यापुढचं ऐक.

मागच्या गुरुवारी मी गेलो तर दुकानाचं शटर अर्धं खाली. आत खोकी. त्यानं चहा केला नाही. उभ्या उभ्या म्हणाला, ते धूपपात्र मला परत दे. मी म्हटलं, का? तो म्हणाला, कारण विचारू नकोस, परत दे, आणि त्याच्या बदल्यात दुकानातलं तुला हवं ते घेऊन जा, दोन घे, तीन घे. मी म्हटलं, ते माझ्या बहिणीकडे भारतात आहे. त्याचा चेहरा एकदम उतरला. मागवून घे, म्हणाला. मी जायच्या आत मागवून घे.

इंदू, दहा वर्षं मी त्याला मित्र समजलो आणि तो दहा वर्षं हळहळत होता की हे याला का दिलं. आता तिकडे गेल्यावर त्याला कुणीतरी मोठं गिऱ्हाईक भेटणार असेल. मी सरळ नाही म्हणालो. बरंच बोललो. दुकानदार तो दुकानदारच, असंही म्हणालो. तो ऐकून घेत उभा राहिला.

त्याला पोचवायला मी जाणार नाही. भांडं कुणालाही देऊ नकोस. कुणाचंही पत्र आलं, फोन आला, तरी देऊ नकोस.

चिंतामण

*

बारामती
११ नोव्हेंबर २०१९

प्रिय दादा,

तुझं पत्र आज दुपारी आलं. मी उद्या सकाळीच तुला फोन करणार आहे, कारण हे पत्र पोचेपर्यंत लाम निघून गेलेले असतील. पण आधी लिहून काढते, म्हणजे फोनवर अडखळणार नाही. नंतर पत्र टाकीनच. तुला कागद लागतो.

धूपपात्र खोटं आहे. नवमीला वन्संनी ते समई आणि परातीच्या मध्ये, भांड्यांच्या ओळीत घेऊन चिंचेनं आणि राखेनं घासलं आणि त्याचा सगळा हिरवा रंग पाण्यात उतरला. खाली यंत्राच्या रेघा आहेत. तू शिकवलंस तसंच मी पाहिलं, दोनदा पाहिलं, भिंग लावून पाहिलं. महिनाभर मी तुझ्यापासून हे लपवलं, कारण मला वाटलं, लामनं तुला फसवलं आणि हे कळलं तर तुझा माणूस जाईल. आज तुझं पत्र वाचलं आणि मला कळलं की मी चुकीचं समजत होते. आणि तूही.

गुरांच्या दवाखान्यातली, डॉक्टर सांगायचे ती पणदऱ्याच्या सोनबाची गोष्ट ऐक. सोनबानं आपली म्हैस शेजारच्या वाडीतल्या दादासाहेबांना विकली. धारेला चांगली, गरीब, नजर लागावी अशी. सहा महिन्यांनी सोनबाकडेच राहिलेल्या तिच्या आधीच्या रेडकाला डॉक्टरांनी तपासलं तेव्हा सोनबाला कळलं की तिच्या वंशातच दोष आहे, ती पुढे आटणार. त्याच संध्याकाळी तो दादासाहेबांच्या दारात गेला. "म्हस मला परत द्या," म्हणाला, "गोठ्यातली दुसरी कुठलीबी न्या." कारण सांगायची त्याला लाज वाटली, आपलंच जनावर, आपलीच पारख. दादासाहेबांना वाटलं, ह्याला जास्त देणारा भेटला. ते ओरडले, "तुझी नियत फिरली व्हय रं?" सोनबा मान खाली घालून उभा राहिला आणि परत गेला. पुढे ती म्हैस आटली, तेव्हा दादासाहेब स्वतः डॉक्टरांकडे आले. म्हणाले, "डॉक्टर, त्यो मला वाचवाया आला हुता हो. आन मी त्येला दारातनं हाकललं." तोवर सोनबा लेकाकडं सुरतेला गेला होता.

दादा, ज्याला फसवायचं असतं तो खोटं भांडं परत मागायला येत नाही. तो गप्प विमानात बसतो. आणि लोभी माणूस एकाच्या बदल्यात तीन देत नाही. तू हिशेब तपासणारा माणूस आहेस, हा एवढा साधा हिशेब तुला कसा चुकला? रागात चुकला असेल.

लामना ते खोटं आहे हे कळलंय. केव्हा कळलं मला माहीत नाही. पण तू म्हणालास की मंडळात सगळे कौतुक करत होते तेव्हा ते भिंतीला टेकून गप्प उभे होते. मला त्या भिंतीपाशी उभं राहिलेल्या माणसाचं फार वाईट वाटतंय.

इथेही सध्या कुणाचा कुणाला मेळ नाही. सरकार कुणाचं होणार यावर बारामतीत दूधवालासुद्धा माप हातात धरून अर्धा तास उभा राहतो. त्या गडबडीत पोस्टातही गर्दी असेल. तरी पत्र टाकते.

तू फक्त जा. काय बोलायचं ते सुचलं नाही तर माझं नाव सांग.

तुझी
इंदू

*

हाँगकाँग
२४ नोव्हेंबर २०१९

प्रिय इंदू,

तुझं पत्र काल आलं. फोनवर तू जे बोललीस तेच त्यात होतं, तरी मी ते पुन्हा सावकाश वाचलं. फोनच्या वेळी मी तुला वाटेल ते बोललो आणि ठेवून दिला, त्याबद्दल काही मनात धरू नकोस. मला वाटलं होतं की मी वन्संवर रागावलोय. रागावलो होतो तो स्वतःवर. भांडं धुऊ नका असं तुला लिहायचं मला सुचलंच नव्हतं. इथे ते कुणाला सांगावं लागत नाही.

रेल्वेची स्टेशनं बंद होती. मग लामकडे चालत निघालो. रस्त्यावर पोरांनी विटा पसरून ठेवलेल्या, फूटपाथचे कठडे उपटून आडवे टाकलेले. एका म्हाताऱ्या बाईनं मला हात धरून पलीकडे नेलं. मी तिच्याहून म्हातारा दिसत असणार. एका ठिकाणी पोलिसांनी पिशवी तपासली, तिच्यात फक्त मोसंबी होती, लामच्या बायकोसाठी घेतलेली.

लामनंच दार उघडलं. मला काही सुचेना. तू सांगितलंस तेच केलं. म्हटलं, माझ्या बहिणीकडे ते भांडं धुतलं.

त्यानं मला आत घेतलं. मग विचारलं, "कशानं?"

"चिंचेनं. आणि राखेनं."

"सगळं गेलं?"

"सगळं."

"किती वेळात?"

"भांड्यांच्या ओळीत होतं. समईनंतर आणि परातीच्या आधी."

तो हसायला लागला. इतका, की त्याची बायको आतून आली. तिला त्यानं सांगितलं, तीही हसली आणि मग खोकली.

तू म्हणालीस तसंच होतं. त्यानं ते खरं समजूनच घेतलं होतं आणि खरं समजूनच मला दिलं. वर्षभरानं मकावमधल्या एका दुकानाच्या काचेत त्याला तस्संच दुसरं दिसलं. तोच शिक्का, तोच रंग, डाव्या कानाखाली तोच पोचा. खऱ्या वस्तूंना एकसारखे पोचे पडत नाहीत. तो मला सांगायला म्हणून आला तो नेमका त्या मंडळाच्या संध्याकाळी. मी ते दोन्ही हातांत धरून बोलत होतो. तो म्हणाला, "तुला इतकं सरळ उभं राहिलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं." मग आज सांगू, उद्या सांगू करता करता वर्षं गेली.

माझी नजर चुकली याचं दुःख मला झालं, नाही असं नाही. त्या मंडळाला मी कळवलं आहे. दोघांनी फोन करून धीर दिला, तिसऱ्यानं सांगितलं की त्याला तेव्हाच शंका होती. तो नेहमी असंच म्हणतो.

त्यानंतर जायच्या दिवसापर्यंत मी रोज लामकडे गेलो. त्याला तिकडे एकही खोटी वस्तू न्यायची नव्हती आणि मागे एकही खरी टाकायची नव्हती. म्हणून दुकानातलं एक एक काढून आम्ही दोघांनी पाहिलं. त्यानं खरं म्हटलेलं मी खोटं ठरवलं, मी खोटं म्हटलेलं त्यानं खरं ठरवलं. बाहेर कुठेतरी धडाधड आवाज येत होते आणि आम्ही आत एका बशीच्या कडेवरून वाद घालत होतो. इंदू, मला लाज वाटते सांगायला, पण गेल्या कित्येक महिन्यांत इतके चांगले दिवस मला गेले नव्हते.

जानेवारीत तुझ्याकडे येतो. महिनाभर राहीन, त्याहून जास्तीचं वचन देत नाही. वन्संच्या दुसऱ्या डोळ्याचं झालं का ते कळव. ते भांडं त्यांना आवडलं असेल तर त्यांनाच दे, आणि झाकण करून हवं असेल तर करून दे.

शेवटच्या दिवशी एक वाडगा उरला. पांढरा, आत तळाशी निळे मासे रंगवलेला. लाम म्हणाला खरा, मग म्हणाला खोटा. मी म्हटलं खोटा, आणि उजेडात धरल्यावर मलाच खात्री वाटेना. झीज बरोबर होती, मासे जरा जास्तच आनंदी होते. आमचं चाललेलं बघून त्याच्या बायकोनं तो आमच्या हातातून काढून घेतला, कारण बाकीची भांडी खोक्यांत गेली होती. नळाखाली धुतला, त्यात गरम भात वाढला, वर थोडी भाजी घातली आणि दोन चमचे खोचून आमच्यामध्ये ठेवला. आम्ही दोघं त्या एकाच वाडग्यातून जेवलो. मासे दिसायला लागेपर्यंत जेवलो.

तुझा
चिंतामण